राणीछाप

दिघोरीला एखादा इंग्रज राजपुत्र येण्याचं काही कारणच नव्हतं. 'दिघोरी' म्हटलं की नागपूरकरांना उमरेड रोडवरचा नाका आठवतो, म्हणून आधीच सांगतो: ही ती दिघोरी नव्हे. आमची दिघोरी भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. धानाच्या बांध्या, तळी, बोड्या आणि उन्हाळा लागला की मोहफुलांचा वास, असा हा झाडीपट्टीचा मुलूख. इथे संस्थानिक नव्हता, छावणी नव्हती, थंड हवेचं ठिकाण नव्हतं. हावड्याकडे जाणारी मोठी रेल्वेलाइन जिल्ह्याच्या उत्तर भागातून निघून जाते आणि आम्ही दक्षिणेला.

तरीही विक्टोरिया राणी आमच्या भागात ओळखीची होती. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना तिचं नाव धड उच्चारता येत नसे, पण चेहरा पक्का ठाऊक होता. 'राणीछाप' म्हणजे राणीचा चेहरा असलेला चांदीचा रुपया. 'राजाछाप' म्हणजे तिच्यानंतरच्या राजांचा. रुपया खरा की खोटा हे दगडावर वाजवून ठरायचं. कडी लावून तो माळेत ओवला जायचा, लेकीच्या लग्नात दिला जायचा, नड आली की सोनाराकडे जायचा. आमच्या घरी असे तीन रुपये अजून आहेत: दोन राणीछाप, एक राजाछाप. एकेकाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तोळा हे मापच सरकारनं या रुपयाच्या वजनाला बांधलं होतं आणि असे ८० तोळे म्हणजे सरकारी शेर. त्यामुळे बाजारात वजनं कमी पडली तर तराजूच्या पारड्यात रुपयेच ठेवत. एका पारड्यात राणी, दुसऱ्यात आपला माल.

म्हणजे राजघराणं दिघोरीला पोचलं होतं. फक्त ते बोटीतून किंवा हत्तीवरून आलं नाही, सावकाराच्या थैलीतून आणि धानाच्या व्यापाऱ्याच्या कनवटीतून आलं.

आज त्याच घराण्याच्या भानगडी आपल्याला फोनवर घरबसल्या कळतात. हॅरी काय बोलला, केटनं काय घातलं, राज्याभिषेकाला कोण कुठे बसलं, हे आमच्या पानठेल्यावरची पोरंही सांगतात. पण ही माणसं खरोखर आपल्या मुलखात यायची तेव्हा त्यांना काय दाखवलं जायचं, काय झाकलं जायचं आणि एवढ्या बंदोबस्तातून कोण काय बोलून गेलं, हे आपल्या वाचनात फार कमी येतं. मला तेच सांगायचं आहे.

आमचा राजा गेला तेव्हा

राणीछाप येण्याआधी आमच्याकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. भंडारा, वैनगंगेचा मुलूख, छत्तीसगड, सगळं त्यांच्याकडे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, भोसले हरले आणि त्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. राज्य नावापुरतं उरलं. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारले. मागे मुलगा नव्हता. घराण्यानं दत्तक घेतला, पण गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो वारस मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात विकले गेले. दागिने विक्रीसाठी कलकत्त्याला गेले.

चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, कंपनीचा कारभार संपला आणि राणीचा जाहीरनामा वाचला गेला. आता सगळ्यांची मालक एक बाई होती. ती सहा हजार किलोमीटरपेक्षा लांब राहायची आणि आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आली नाही. रघूजींच्या मुलखातल्या शेतकऱ्याला हा बदल दिसला तो मुख्यतः सारा भरताना. सारा रोख हवा, आणि रोख म्हणजे राणीछाप.

राणी आली नाही, पण तिची मुलं, नातवंडं, पणतवंडं येत राहिली.

मुलं निघाली प्रवासाला

त्यांना यायला सोपं करून दिलं ते दोन गोष्टींनी. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि आफ्रिकेला वळसा घालायची गरज संपली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली रेल्वे जबलपूरला एकमेकींना मिळाली. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोसोबत राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड हजर होता. पुढे तो मुंबईला आला आणि त्यानं खलाशांसाठी बांधायच्या 'सेलर्स होम'ची पायाभरणी केली. महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आज ज्या इमारतीत आहे, तीच ही.

त्यानंतर पाच वर्षांनी थोरला आला. युवराज आल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, 'सेरापिस' बोटीनं ८ नोव्हेंबर १८७५ ला मुंबईत उतरला. त्याच्यासाठी घारापुरीच्या लेण्यांत मेजवानी झाली. शंकराच्या त्रिमूर्तीसमोर रोषणाई, टेबलं आणि इंग्रजी खाना. गोदीची पायाभरणीही झाली. या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या व्यापाऱ्यानं घोड्यावर बसलेल्या युवराजाचा पुतळा मुंबईला दिला. तो १८७९ मध्ये उभा राहिला. धातू काळा, म्हणून लोकांनी नाव ठेवलं काळा घोडा. घोड्यावर बसला कोण, याच्याशी लोकांना देणंघेणं नव्हतं. १९६५ मध्ये पुतळा हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेला, तरी त्या चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही.

या दौऱ्यातलं मला सगळ्यात विलक्षण वाटणारं पात्र मात्र युवराज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा एक मुलगा मे १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय १२ वर्षं, तोवर लिहिणं-वाचणं नाही. त्याचं नाव सयाजीराव ठेवलं. गादीवर बसून सहा महिने होतात न होतात तोच इंग्लंडच्या युवराजाचं स्वागत करण्याची पाळी आली. मुंबईत भेट झाली, मग युवराज बडोद्याला गेला, तिथे सजवलेले हत्ती, मिरवणूक, सगळा थाट. शेतकरी घरातला हा पोर यजमान. त्याला शिकवणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं, कधी वाकायचं, कधी मागे सरायचं, हे सगळं घटवून घेतलं असणार. वाकण्याचा हा धडा पुढे ३६ वर्षांनी दिल्लीत पुन्हा समोर येतो, तेव्हा या मुलाला लक्षात ठेवा.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून विक्टोरियाला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' जाहीर करण्यात आलं. नाण्यावर 'क्वीन' होतं, तिथे आता 'एम्प्रेस' आलं. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला नाव मिळालं एम्प्रेस मिल. विदर्भातल्या हजारो माणसांनी त्या गिरणीत आयुष्य काढलं. खेड्यात जातीनं बांधून टाकलेल्या कित्येकांना तिथे पहिल्यांदा महिन्याचा रोख पगार मिळाला. गिरणी केव्हाच बंद पडली. त्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे आणि भंडाऱ्याकडची पोरं नागपूरला गेली की तिथे पिक्चर बघून येतात. ही एम्प्रेस कोण, असं मी दोन-तीन जणांना विचारून पाहिलं. एकानं सांगितलं, मॉलच्या मालकाची बायको असेल.

घोंगडी पांघरून आलेला पाहुणा

विक्टोरियाचा तिसरा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कॉनॉट, नुसता फिरायला आला नव्हता. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता आणि त्या निमित्तानं पुण्यात राहायचा. दिल्लीचं कॉनॉट प्लेस, तुमच्या भाषेत 'सीपी', त्याच्याच नावाचं. राणीचा सख्खा मुलगा पुण्यात राहतो म्हटल्यावर मोठ्या घरांतून त्याला बोलावण्याची चढाओढ लागणारच.

२ मार्च १८८८ ला पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक आणि डचेसच्या सन्मानार्थ समारंभ ठेवला. निमंत्रितांत जरीची पागोटी, शालजोड्या, हिरे-मोती, सगळं होतं. निमंत्रितांत जोतीराव फुलेही होते. वय ६१ च्या घरात. ते आले ते साध्या शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून. दारावरच्या पहारेकऱ्यांनी अडवलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. यजमानांनी ओळखलं आणि आत नेलं.

फुले ठेकेदारी केलेले, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले गृहस्थ होते. चांगला अंगरखा त्यांच्याकडे नव्हता असं नाही. त्यांनी तो वेष निवडला होता. आणि मग ते बोलायला उभे राहिले, तेही इंग्रजीत. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की इथे जमलेल्या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून राणीच्या प्रजेचा अंदाज बांधू नका. खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या अंगावर धड कपडा नाही. महारवाड्यात, मांगवाड्यात जाऊन पाहा. आणि आपल्या आईला एवढा निरोप द्या, की या लोकांना शिक्षण पाहिजे.

राजघराण्याच्या भेटींचा मी जेवढा म्हणून इतिहास वाचला, त्यात या प्रसंगाच्या तोडीचा दुसरा नाही. अशा समारंभाचा सगळा खटाटोपच मुळी पाहुण्याला ठरावीक गोष्टी दिसाव्यात म्हणून असतो. रस्ते झाडतात, भिंती रंगवतात, उघडीनागडी माणसं मागच्या गल्लीत ढकलतात. फुल्यांनी मागच्या गल्लीतला माणूस स्वतःच्या अंगावर चढवून दिवाणखान्यात आणला. पाच वर्षं आधी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांनी शेतकऱ्याची कैफियत मांडलीच होती. पण पुस्तक राजपुत्र वाचत नाहीत. घोंगडी डोळ्यांना दिसते.

फुल्यांचा राणीच्या न्यायावर भरवसा होता का, हा वादाचा विषय आहे. पेशवाईत शूद्रांना अक्षरबंदी होती, इंग्रजांनी निदान शाळेचं दार किलकिलं केलं, असा त्यांचा हिशोब होता आणि तो त्यांच्या जागेवरून बघितला तर समजतो. पण त्या दिवशी ते इंग्रज राज्याची स्तुती करून खाली बसले नाहीत. राज्य तुमचं आहे ना, मग हिशोब द्या, असं त्यांनी राणीच्या मुलाला तोंडावर सांगितलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, ११ मे १८८८ ला, मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं.

ड्यूकनं निरोप पोचवला की नाही, यानं दिघोरीत तरी काही फरक पडला नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत मध्य प्रांतावर दोन भयंकर दुष्काळ आले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. धानाचा मुलूख पावसावर उभा. पाऊस दगा देतो तेव्हा तळी-बोड्या किती दिवस पुरणार? माळेतले राणीछाप अशाच वर्षांत कडी तोडून बाहेर पडतात.

जयंतीची रात्र

बरोबर त्याच दुष्काळात राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली. २२ जून १८९७ ला साम्राज्यभर हीरक महोत्सव झाला. मध्य प्रांतात माणसं दुष्काळाच्या कामावर खडी फोडत होती. पुणं प्लेगमधून नुकतंच बाहेर पडत होतं आणि प्लेग-अधिकारी रँडच्या सैनिकांनी घरात घुसून केलेल्या झडत्या लोक विसरले नव्हते. त्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी आटोपून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. टेकड्यांवर जयंतीच्या होळ्या पेटलेल्या होत्या.

याच दामोदर चापेकरांनी आदल्या वर्षी मुंबईत राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. तो पुतळाही गायकवाडांनीच, खंडेराव महाराजांनी, दिलेल्या पैशातून १८७२ मध्ये उभा राहिला होता. एका मराठी संस्थानिकानं पुतळा उभारला आणि पाव शतकानं एका मराठी तरुणानं त्याला काळं फासलं. चापेकर आणि फुले यांचे विचार जुळणारे नव्हते, बऱ्याच बाबतींत ते एकमेकांच्या विरुद्ध होते. म्हणूनच दोघांना एका ओळीत बसवायची मला घाई नाही. दोघांनी राणीशी बोलायची वाट शोधली, एकानं तिच्या मुलाशी, दुसऱ्यानं तिच्या दगडाशी. दोघांचं म्हणणं वेगळं होतं.

भंडाऱ्यातून गेलेली गाडी

गादीवर असलेला इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो १९११ मध्ये. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबरला मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला गेटवे ऑफ इंडिया तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्याची पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन १९२४ चं. ज्याच्यासाठी दरवाजा, तो दरवाजा होण्याआधीच आत येऊन निघूनही गेला होता.

१२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. एकेका संस्थानिकानं पुढे यायचं, राजासमोर तीनदा वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत जायचं, असा दंडक. सयाजीराव गायकवाड पुढे आले, एकदाच वाकले आणि सरळ पाठ फिरवून निघाले. कवळाण्याचा तोच गोपाळ, आता ४८ वर्षांचा. मधल्या काळात त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. दरबाराचं चित्रीकरण झालेलं असल्यानं ती पाठ लंडनच्या पडद्यांवर लोकांनी पाहिली आणि गदारोळ उठला. सयाजीरावांनी व्हाइसरॉयला दिलगिरीचं पत्र दिलं. मुद्दाम केलं की गडबडीत झालं, यावर अजून चर्चा होते. आजच्या भाषेत सांगायचं तर ती क्लिप व्हायरल झाली, आणि व्हायरल क्लिपमागचा हेतू कधी सिद्ध होत नाही.

जानेवारी १९१२ मध्ये राजा-राणी कलकत्त्याहून मुंबईला परतताना नागपूरला थांबले. हावड्याहून नागपूरला येणारी बंगाल नागपूर रेल्वेची वाट म्हणजे रायपूर, डोंगरगड, गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला राजा आला तो इतकाच, धानकटाई झालेल्या बांध्यांच्या मधून धावणाऱ्या गाडीत. खिडकीतून त्याला काय दिसलं असेल? भाताच्या गंजी, मोहाची झाडं, एखादी बोडी, बैलगाडी. बघणाऱ्यांना डबे आणि धूर.

नागपुरात राजाराणीनं लोकांना दर्शन दिलं ते सीताबर्डीच्या किल्ल्यावरून. ज्या टेकडीवर भोसल्यांची फौज हरली त्याच टेकडीवरून. जागा कोणी निवडली असेल ती असो, अर्थ खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगावा लागला नसणार. त्या प्रसंगाचा खांब अजून किल्ल्यावर आहे.

राजाचा चेहरा गावात पोचला त्याची गोष्टही याच वर्षाची आहे आणि ती जरा गमतीची आहे. १९११ च्या नव्या रुपयावर जॉर्जच्या अंगरख्यावर मानाची साखळी कोरली होती आणि तिच्यात एक बारीकसा हत्ती होता. सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या छातीवर डुक्कर! मुसलमानांत विशेष नाराजी झाली, हा रुपया घ्यायला लोक कां-कूं करू लागले, आणि सरकारला तो मागे घेऊन नवा ठसा करावा लागला. १९१२ पासूनच्या रुपयावर हत्तीची सोंड नीट दिसते. सोनारांकडे १९११ चा रुपया आला तर जाणकार आजही भिंग लावून आधी छाती बघतात. एवढ्या मोठ्या दरबारानं जे साधलं नाही ते बाजारातल्या माणसानं साधलं: राजाला आपली प्रतिमा सुधारून घ्यावी लागली.

ज्याचं नाणं निघालं नाही

दहा वर्षांनी जॉर्जचा मुलगा आला. युवराज एडवर्ड १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरला तेव्हा असहकार भरात होता. काँग्रेसनं बहिष्कार पुकारला होता, परळला विदेशी कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेल्या पारशी, अँग्लो-इंडियन लोकांवर हल्ले झाले, त्यांनीही उलट हल्ले केले, गोळीबार झाला आणि चार-पाच दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजींनी शांतता होईपर्यंत उपोषण केलं. राजपुत्राच्या स्वागतापायी गेलेले हे जीव आपल्या शालेय पुस्तकात एका ओळीतही क्वचित येतात.

दोन दिवसांनी हाच युवराज पुण्यात होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकारानं त्याच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. एकीकडे मुंबई पेटलेली, दुसरीकडे पुण्यात शिवरायांच्या स्मारकाला इंग्रज युवराजाचा हात. हे विचित्र वाटतं, पण शाहूंचा हिशोब फुल्यांच्या हिशोबाच्या जवळचा होता. पुण्यातल्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांना बाजूला सारून बहुजनांनी शिवाजी आपला म्हणून मागायचा, तर साक्षीला युवराज का नको? सहा महिन्यांनी, ६ मे १९२२ ला, शाहू महाराज वारले. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. तो पुतळा पुण्यात अजून आहे. पायाभरणी कोणी केली हे कुणी विचारत नाही.

या दौऱ्यात युवराजासोबत त्याचा एक नातलग होता, २१ वर्षांचा लुई माउंटबॅटन. दोघेही विक्टोरियाचे पणतू. एक मुलाकडून, एक मुलीकडून. त्याच दौऱ्यात दिल्लीत त्यानं एडविनाला लग्नाची मागणी घातली. हाच मुलगा १९४७ मध्ये शेवटचा व्हाइसरॉय होऊन आला आणि राज्य गुंडाळून गेला. राणी एलिझाबेथचा नवरा फिलिप त्याचा सख्खा भाचा, म्हणजे आजचा राजा चार्ल्स त्या भाच्याचा मुलगा. विक्टोरियाच्या मुलांपासून पणतवंडांपर्यंत एकाच घरच्या गोतावळ्यानं हे राज्य मिरवलं आणि त्यातल्याच एकानं ते आवरलं.

आणि एडवर्ड? जानेवारी १९३६ मध्ये तो राजा झाला, घटस्फोटित बाईशी लग्न करता येईना म्हणून डिसेंबरात गादी सोडली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांवर त्याचा चेहरा कधी आलाच नाही. ज्याच्यासाठी मुंबईत माणसं मेली, तो झाडीपट्टीतल्या बायकांच्या माळेत कधी पोचला नाही. १९४० मध्ये त्याच्या धाकट्या भावाच्या, सहाव्या जॉर्जच्या, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. शेवटी तर रुपया निकेलचा झाला. आमच्या आजीनं हे साम्राज्याच्या उतरणीचं शास्त्र कुठे वाचलं नव्हतं, पण तिला आवाजावरून कळायचं. ती म्हणायची, शेवटचे राजे बद्द वाजतात.

डब्यांच्या वेळेला

स्वातंत्र्यानंतरही हे घराणं येतंच राहिलं, आता पाहुणं म्हणून. नोव्हेंबर २००३ मध्ये युवराज चार्ल्स चर्चगेटला मुंबईच्या डबेवाल्यांना भेटला. भेटीची वेळ डब्यांच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागली, कारण डबा थांबत नाही. एप्रिल २००५ मध्ये चार्ल्सच्या लग्नाला डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी इंग्लंडला गेले. त्याआधी नवरानवरीसाठी आहेर गेला होता, साडी आणि फेटा. डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर भागातल्या शेतकरी घरांतले. फुले ज्यांच्याकडे बोट दाखवत होते त्यांचीच ही पतवंडं. ११५ वर्षांनी राणीच्या घरातला माणूस त्यांना भेटायला फुटपाथवर आला, आणि त्यांच्या वेळेवर आला. मला यात थोडं समाधान वाटतं, फार नाही. कारण फुल्यांनी मागितलेली गोष्ट भेट नव्हती, शाळा होती. आणि त्या मागणीचं उत्तर आता लंडनकडून यायचं नाही, मुंबईकडून आणि नागपूरकडून यायचं आहे.

नेते आजही गावात येतात तेव्हा रस्ता आदल्या रात्री डांबरतो. पाहुण्याला काय दाखवायचं हे ठरवणारी माणसं बदलली, कामाची पद्धत तीच राहिली.

जमलं तर एकदा सीताबर्डीचा किल्ला बघून या. तिथे लष्कर आहे, त्यामुळे लोकांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडा असतो. मी एका १ मे ला गेलो होतो. राजाच्या खांबाजवळ एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं, पोळी, झुणका, कांदा. पोरगा खांबाला टेकून फोन बघत होता. टेकडीच्या पायथ्याशीच नागपूर स्टेशन आहे. मी खाली उतरून गोंदियाकडे जाणारी गाडी पकडली आणि भंडारा रोडला उतरलो.